संगणकांची बिऱ्हाडे जुन्याच घरांत का?

आमच्या शाळेतील संगणक कक्ष विज्ञानाच्या जुन्या प्रयोगशाळेत आहे. ओट्यांवर आम्लाने पडलेले काळे डाग अद्याप तसेच आहेत, आणि पावसाळ्यात दारे बंद राहिली की जुना वासही येतो. वरच्या मजल्यावर एक प्रशस्त, हवेशीर खोली असताना संगणक या कोंदट जागेत का ठेवले, असा प्रश्न इयत्ता आठवीतील एका विद्यार्थ्याने मला भर वर्गात विचारला. मी इतिहासाचा शिक्षक. मला समाधानकारक उत्तर देता आले नाही. ते दिले आमच्या शाळेच्या जुन्या शिपाईचाचांनी. ते म्हणाले, "बेटा, थ्री-फेजची लाइन त्याच खोलीत आहे. अर्थिंग तिथेच केलेलं आहे. वरच्या खोलीत नुसती हवा आहे!"

चाचांचे हे वाक्य माझ्या मनात घर करून राहिले. पुढे या विषयावर जे वाचनात आले, त्यावरून मला असे दिसून आले की आमच्या शाळेत जे घडले तेच जगातल्या मोठमोठ्या कंपन्यांच्या बाबतीतही घडत आलेले आहे. त्याची थोडी हकिकत विद्यार्थी मित्रांपुढे आणि सुज्ञ पालकांपुढे ठेवावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आज घरोघरी मोबाइल आहे. मुले म्हणतात, "सर, फोटो क्लाऊडमध्ये ठेवले." क्लाऊड म्हणजे ढग. या नावामुळे अनेकांची अशी समजूत झाली आहे की ही माहिती कोठेतरी अधांतरी तरंगत असते. वास्तविक पाहता ती जमिनीवरच असते. कोठल्यातरी शहराच्या कडेला, खिडक्या नसलेल्या इमारतीत, कपाटासारख्या उभ्या लोखंडी चौकटींत हजारो संगणक रात्रंदिवस चालू असतात. त्यांना सर्व्हर म्हणतात, आणि अशा इमारतीला डेटा सेंटर. या यंत्रांना वीज प्रचंड लागते. त्या विजेची अखेर उष्णता होते. ती घालवण्यासाठी थंड हवा किंवा पाणी लागते. शिवाय माहितीची ने-आण करण्यासाठी काचतंतूंची केबल दाराशी यावी लागते. काचेतून प्रकाश एका सेकंदात सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. वेग अफाट खरा, तथापि शेअर बाजारासारख्या ठिकाणी क्षणाच्या लहानशा अंशाचेही पैसे होतात, आणि म्हणून तेथील गिऱ्हाईक सर्व्हर जवळ असावा असा आग्रह धरते.

आता या सर्व गोष्टी माळरानावर नव्याने उभ्या करायच्या म्हटल्या तर वर्षे जातील. म्हणून कंपनी आधी हे पाहते की या गोष्टी कोठे आयत्या आहेत. येथूनच आपल्या विषयात इतिहास शिरतो, कारण आयत्या असलेल्या गोष्टी कोणीतरी, केव्हातरी, अगदी वेगळ्या कामासाठी उभारलेल्या असतात.

फिनलंड देशाच्या दक्षिण किनाऱ्यावर, रशियाच्या सरहद्दीपासून जवळच, हामिना नावाचे गाव आहे. तेथे १९५० च्या दशकात उभी राहिलेली सुम्मा नावाची कागद गिरणी होती. तिच्या इमारतीचा आराखडा आल्वार आल्टो या जगप्रसिद्ध वास्तुशिल्पज्ञाचा. कागद करायला पाणी फार लागते. म्हणून समुद्राचे पाणी आत आणण्यासाठी खडकातून बोगदा खणलेला होता. जानेवारी २००८ मध्ये ही गिरणी बंद पडली. शेकडो कामगार घरी बसले, आणि एका लहान गावावर अवकळा आली. पुढच्याच वर्षी, २००९ साली, गूगल कंपनीने ती जागा सुमारे ४ कोटी युरो देऊन विकत घेतली आणि २०११ साली तेथे डेटा सेंटर सुरू केले. गूगलने तेथे काय विकत घेतले? कागदाची यंत्रे तिला नको होती. तिला हवा होता तो खडकातला बोगदा, आणि ती यंत्रे चालवण्यासाठी आलेल्या विजेच्या जाड तारा. आज त्याच बोगद्यातून फिनलंडच्या आखाताचे थंड पाणी येते आणि सर्व्हरची उष्णता घेऊन परत जाते. ज्या इंटरनेटमुळे जगभर छापील कागदाचा खप घटला, त्याच इंटरनेटचे बिऱ्हाड कागद गिरणीत थाटले गेले, हा योगायोग मला मोठा विलक्षण वाटतो.

अमेरिकेत शिकागो शहरात असेच एक उदाहरण आहे, आणि ते आपल्या ग्रंथप्रेमी वाचकांना आवडेल. डॉनेली नावाच्या मुद्रण कंपनीने तेथे १९१२ पासून १९२९ पर्यंत टप्प्याटप्प्याने एक भव्य छापखाना बांधला. मोठ्या दुकानांचे जाडजूड कॅटलॉग आणि टेलिफोनच्या डिरेक्टऱ्या तेथे छापल्या जात. १९९३ साली सीअर्स या कंपनीने आपला प्रसिद्ध कॅटलॉग बंद केला आणि त्याच साली छापखान्यालाही टाळे लागले. इमारत मात्र अशी भक्कम की पाडायची सोय नाही. छपाईची अवजड यंत्रे पेलण्यासाठी तिच्या जमिनी जाड केलेल्या, छत उंच, मजल्यामजल्यांतून जाणारे रुंद मार्ग तयार. सर्व्हरच्या चौकटी आणि त्यांच्या बॅटऱ्या याही अतिशय जड असतात. १९९९ च्या सुमारास या इमारतीचे रूपांतर सुरू झाले, आणि ती जगातील मोठ्या डेटा सेंटरांपैकी एक झाली. क्षेत्रफळ ११ लाख चौरस फुटांच्या घरात आहे. न्यूयॉर्कमध्ये तर १९३० साली तार कंपनीसाठी बांधलेल्या हडसन स्ट्रीटवरील इमारतीतच आज निरनिराळ्या कंपन्यांच्या इंटरनेटच्या केबली एकमेकींना मिळतात. तारा यायच्या त्या वाटा तेथे आधीपासून होत्या. फक्त तारा बदलल्या.

रेल्वेचीही गोष्ट अशीच. केबल पुरायची तर लांबलचक, सलग आणि एकाच मालकाची जमीन हवी. शेकडो शेतकऱ्यांशी बोलणी करण्यापेक्षा एका रेल्वे कंपनीशी करणे सोपे. अमेरिकेतील स्प्रिंट या टेलिफोन कंपनीचे मूळ सदर्न पॅसिफिक रेल्वेच्या अंतर्गत दळणवळण यंत्रणेत आहे. आपल्याकडेही २००० साली रेलटेल ही सरकारी कंपनी स्थापन झाली ती रुळांच्या कडेने काचतंतूंची केबल टाकण्यासाठीच.

परंतु परदेशच्या गोष्टी पुष्कळ झाल्या. आपल्या दाराशी असलेले सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे मुंबई. आज भारतातील डेटा सेंटरांची निम्मी म्हणावी इतकी क्षमता एकट्या मुंबई परिसरात, म्हणजे चांदिवली-पवईपासून खाडीपलीकडच्या ऐरोली, रबाळे, महापे आणि पनवेलपर्यंत एकवटलेली आहे. जमिनीचा भाव देशात सर्वांत चढा, हवा दमट, उन्हाळा कडक, पावसाळ्यात पाणी तुंबते. सर्व्हरला प्रतिकूल असे जे जे असावे ते ते येथे आहे! मग कंपन्या येथेच का येतात? हे समजून घ्यायचे तर दीडशे वर्षे मागे जावे लागते.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली आगगाडी धावली. पुढे काही वर्षांतच अमेरिकेत यादवी युद्ध पेटले (१८६१ ते १८६५), तेथील कापूस इंग्लंडला जाईनासा झाला, आणि मुंबईचा कापूस सोन्याच्या भावाने विकला जाऊ लागला. मुंबईच्या व्यापाऱ्याला लिव्हरपूलचा आजचा भाव आजच हवा होता. १८६५ साली कराची, इराणचे आखात आणि तुर्की मुलूख या वाटेने तारायंत्राचा मार्ग सुरू झाला होता, परंतु निरनिराळ्या देशांतील तारमास्तरांच्या हातून जाताना संदेशाला कित्येक दिवस लागत, आणि तो पोहोचे तेव्हा कधी कधी ओळखूही येत नसे. नोव्हेंबर १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला. १८७० च्या आरंभी 'ग्रेट ईस्टर्न' हे त्या काळचे सर्वांत मोठे जहाज मुंबईस आले आणि त्याने मुंबईपासून एडनपर्यंत समुद्रतळावर केबल टाकली. ही तार पुढे सुएझ, माल्टा, जिब्राल्टर आणि लिस्बन या मार्गाने इंग्लंडच्या पोर्थकर्नो या किनाऱ्यावर निघाली. जून १८७० मध्ये हा मार्ग पूर्ण झाला. जाता जाता सांगावयाचे म्हणजे ते जहाजही मुळात प्रवासी वाहतुकीसाठी बांधलेले. त्या धंद्यात ते तोट्यात गेले; परंतु हजारो मैलांची केबल एकाच वेळी पोटात घेऊ शकेल असे दुसरे जहाज नव्हते, म्हणून त्याला हे दुसरे आयुष्य लाभले.

तार मुंबईत आली कारण बंदर, आगगाडी आणि पैसे मोजणारे गिऱ्हाईक ही तिन्ही येथे होती. तार आली म्हणून पेढ्या आणि बँका वाढल्या. त्या वाढल्या म्हणून पुढच्या तारेलाही येथेच यावेसे वाटले. स्वातंत्र्यानंतर परदेशी तारांचा कारभार सरकारने हाती घेतला. १९८६ साली त्यासाठी विदेश संचार निगम ही कंपनी झाली, आणि १५ ऑगस्ट १९९५ रोजी तिने सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सुरू केले. १९९७ साली इंग्लंडपासून जपानपर्यंत सुमारे २८,००० किलोमीटर जाणारी फ्लॅग ही काचतंतूंची केबल मुंबईत उतरली. त्यानंतर एकामागून एक केबली येत गेल्या. त्यांतील बऱ्याच वर्सोव्याच्या किनाऱ्यावर वर येतात. २०२२ अखेर भारतात उतरणाऱ्या आंतरराष्ट्रीय समुद्री केबली १७ होत्या. एवढ्या मोठ्या देशाला बाहेरच्या जगाशी जोडणाऱ्या तारा हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्या, आणि त्यांतील मोठा वाटा कोळीवाड्याशेजारच्या वाळूतून वर येतो, हे ऐकून माझे विद्यार्थी थक्क होतात.

मार्गही जवळजवळ जुनाच आहे: अरबी समुद्र, तांबडा समुद्र, मिसरची भूमी, भूमध्य समुद्र. ३० जानेवारी २००८ रोजी अलेक्झांड्रियाजवळ दोन केबली तुटल्या आणि भारतातील इंटरनेट निम्म्यावर आले. लगेच १ फेब्रुवारीला दुबईजवळ आणखी एक तुटली. आमच्या भागातील पुष्कळ घरांतील कर्ते पुरुष आखाती देशांत नोकरीस आहेत, त्यांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको. जुनी वाट सोयीची असते, आणि सर्वजण त्याच वाटेने गेले की तिचा एक धागा तुटला तरी सर्वांचेच अडते, हा तिचा दोष आहे.

आता विजेकडे वळू. १९१५ साली टाटांनी खोपोली येथे जलविद्युत केंद्र सुरू केले. घाटमाथ्यावर अडवलेले पावसाचे पाणी खाली सोडून तयार झालेली ती वीज मुख्यत्वे मुंबईच्या कापड गिरण्यांसाठी होती. पुढे भिवपुरी आणि भिरा ही केंद्रे झाली. १९२५ साली विजेवर लोकल धावू लागली. ट्रॉम्बेला औष्णिक केंद्र आले. बाहेरच्या विद्युतजाळ्यात बिघाड झाला तर मुंबईला अलग करून तिचा पुरवठा चालू ठेवण्याची योजनाही येथे १९८० च्या दशकापासून आहे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी ती योजना अयशस्वी ठरली आणि मुंबई काही तास अंधारात गेली, हे खरे आहे. परंतु तो दिवस लोकांच्या लक्षात राहिला, याचाच अर्थ एरवी मुंबईची वीज जात नाही. डेटा सेंटरला याहून मोठे प्रशस्तिपत्र कोणते हवे?

गिरण्यांचे पुढे काय झाले ते सर्वश्रुत आहे. जानेवारी १९८२ मध्ये संप सुरू झाला, आणि लाखो कामगारांचे जीवन उद्ध्वस्त झाले. गिरण्या गेल्या, पण त्यांच्यासाठी आलेली वीज शहरात राहिली. खाडीपलीकडे १९६० नंतर महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने वसवलेल्या ठाणे-बेलापूर पट्ट्यात रसायनांचे कारखाने होते. त्यांतील अनेक बंद पडले किंवा अन्यत्र गेले. मागे राहिले ते आखलेले भूखंड, रुंद रस्ते, पाण्याच्या नळवाहिन्या आणि उच्च दाबाची वीज. आज रबाळे-महापेच्या रस्त्याने जाताना ज्या मुक्या, उंच इमारती दिसतात, त्या याच वारशावर उभ्या आहेत. एप्रिल २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने पैशांच्या देवघेवीची माहिती भारतातच साठवण्याचा आदेश दिला. तेव्हा परदेशी कंपन्यांना जागा शोधणे भाग पडले, आणि बँका, शेअर बाजार व समुद्री केबली जेथे होत्या तेथेच त्या आल्या.

यावर एखादा चौकस विद्यार्थी विचारील की, नुसती केबल असली तर पुरे का? पुरे नाही. कोचीला १९९९ च्या सुमारास एक मोठी समुद्री केबल उतरली, २००२ साली दुसरी आली. परंतु कोचीची मुंबई झाली नाही. मग नुसती वीज? आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात दाभोळच्या खाडीच्या तोंडाशी केवढा वीज प्रकल्प झाला! १९९९ साली तो सुरू झाला, २००१ साली बंद पडला, २००६ मध्ये पुन्हा चालू झाला. त्याच्या वादाचे दिवस पालकांना आठवत असतील. परंतु वीज तारेवरून दूर नेता येते. ती गिऱ्हाइकाकडे गेली, गिऱ्हाईक तिच्याकडे आले नाही.

याच दाभोळचा उल्लेख आला म्हणून थोडे विषयांतर करतो. बहमनी आणि आदिलशाही काळात दाभोळ हे पश्चिम किनाऱ्यावरील नामांकित बंदर होते. अरबस्तान आणि इराणची जहाजे येथे लागत, हज यात्रेकरू येथून निघत. १५०८ साली पोर्तुगिजांनी ते जाळले. तरीही ते पुढे काही काळ तग धरून होते. त्याचा अखेरचा पराभव तोफांनी केला नाही. व्यापार मुंबईकडे वळला, मग आगगाडी आणि तार या दोन्ही गोष्टी मुंबईस आल्या, आणि दाभोळच्या खाडीत गाळ साचत राहिला. खलाशी, तांडेल आणि सारंग मात्र आपल्या कोकणातलेच होते. ते मुंबईला जाऊन आगबोटीवर चढले. माझे आजोबाही त्यांपैकीच एक. ज्या गावाला पहिली तार मिळाली नाही, त्याला दुसरी सहसा मिळत नाही, हे मी पुस्तकात वाचण्याआधी घरात ऐकले होते.

म्हणूनच हा विषय केवळ कंपन्यांचा नाही असे मला वाटते. पालक मला विचारतात, "सर, आपल्या तालुक्यात असे सेंटर आले तर मुलांना नोकऱ्या मिळतील ना?" त्यांना भलती आशा दाखवणे मला योग्य वाटत नाही. कारखान्याच्या मानाने डेटा सेंटरला माणसे फारच थोडी लागतात. बांधकाम चालू असते तोवर गजबज असते. नंतर पहारेकरी, वीजतंत्री, वातानुकूलनाचे कारागीर, केबल जोडणारे आणि काही अभियंते एवढेच राहतात. हामिनाच्या गिरणीत बाप आणि मुलगा एकाच पाळीत काम करीत असतील. सर्व्हरच्या इमारतीत तसे होत नाही. उलट पाणी आणि वीज ती भरपूर घेते. अमेरिकेत ऑरेगन राज्यात कोलंबिया नदीकाठी द डॅलेस नावाचे लहान शहर आहे. धरणाची स्वस्त वीज पाहून पूर्वी तेथे ॲल्युमिनियमचा कारखाना आला होता. तो बंद पडल्यावर त्याच विजेसाठी २००६ साली गूगल आली. कंपनी पाणी किती वापरते हे शहराने प्रथम गुप्त ठेवले. वर्तमानपत्राने आकडे मागितले तेव्हा ते रोखण्यासाठी शहरच न्यायालयात गेले, आणि शेवटी २०२२ मध्ये आकडे बाहेर आले. शहराच्या एकूण पाण्याचा पाव हिश्शाहून अधिक भाग एकट्या डेटा सेंटरांना जात होता. आपल्याकडे ज्या गावांत फेब्रुवारीपासून टँकर लागतो, तेथील लोकांनी हा आकडा माहीत करून घेतलेला बरा.

तरीपण विद्यार्थ्यांना मी निराश करीत नाही. आमच्या शाळेतून गेलेला एक विद्यार्थी महाप्यास अशाच एका इमारतीत वातानुकूलनाचे काम पाहतो. आय.टी.आय. केलेला मुलगा आहे. इंग्रजीत त्याला नेहमी काठावर गुण पडत. गेल्या ईदला भेटायला आला तेव्हा सांगत होता की, आत इतका गारवा असतो की मे महिन्यातही स्वेटर घालावा लागतो, आणि यंत्रांचा घोंघावणारा आवाज घरी आल्यावरही कानात राहतो. ज्या इमारतीत तो काम करतो तेथे पूर्वी रंगाचा कारखाना होता, असे त्याला जुन्या वॉचमनने सांगितले. त्याला मी इतिहासात ही गोष्ट लिहून ठेव म्हणालो, तर तो हसला.

यंदा जूनमध्ये शाळेला एका देणगीदाराकडून आणखी दहा संगणक मिळाले. ते कोठे बसवायचे याविषयी शिक्षकांची सभा झाली. मी वरच्या हवेशीर खोलीचा आग्रह धरला. इलेक्ट्रिशियनला बोलावून खर्चाचा अंदाज काढला: नवीन लाइन, नवीन बोर्ड, अर्थिंगचा खड्डा. आकडा ऐकून मुख्याध्यापकांनी चष्मा काढून पुसला. संगणक पुन्हा त्याच जुन्या प्रयोगशाळेत बसले आहेत. फक्त या वेळी एक ओटा फोडून जागा केली, आणि त्याखाली वर्षानुवर्षे बंद असलेला पाण्याचा एक नळ सापडला. चाचांनी तो फिरवून पाहिला. पाणी आले.